अनवाणी दल

करंजोशी गावातल्या सगळ्या चपलांनी बंड केलं आणि त्या डोंगरात निघून गेल्या, तेव्हा त्यांच्याशी लढायला आमचं स्वयंसेवक दल उभं राहिलं. बाहेरगावची माणसं विचारतात, दल सुरू कसं झालं? सांगते. पण मध्ये हसायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात बोलणी झाली. चपलांच्या वतीनं सरपंचांचं जुनं पायताण देवळाच्या पायरीवर आलं. डावं एकटंच. उजवं खबरदारी म्हणून वरच ठेवलं होतं.

"मागणी एकच हाय," ते म्हणालं. "माणूस गेला की तेराव्याला त्याची पायताणं दान करायची, ही गावची रीत. भैरूच्या चपला तीन वर्सं दारात बसवून ठेवल्या. द्रौपदाक्कानं एकदा तोंडानं म्हणावं, भैरू गेला. दिवे लागायच्या आत आम्ही घरी."

सरपंचांनी घसा खाकरला. "दुसरं कायतरी मागा की."

"दुसरं काय न्हाई."

द्रौपदाक्का माझी शेजारीण. भैरू तिचा एकुलता एक. पुरात काठावर चपला काढून रेडकामागं पाण्यात उतरला. रेडकू बाहेर आलं. भैरू सापडलाच नाही. आक्कानं चपला घरी आणून दारात ठेवल्या. आमच्याकडं दारात चपला म्हणजे माणूस घरात. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "चपला दिसत न्हाईत व्हय?" आणि आम्ही म्हणायचो, "व्हय की गं आक्का."

आता हिला सांगायला जाणार कोण? सरपंचांनी माझ्याकडं बघितलं. माझी जीभ तिखट, सगळ्या गावाला ठाऊक. पण मी सरळ सांगितलं, "मला न्हाई व्हायचं बाबा. पाप लागंल."

कुणीच उठेना. शेवटी पलटणीतून निवृत्त झालेले गणपा हवालदार म्हणाले, "मग लढावं लागंल." ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव आला. दल सुरू झालं ते असं.

हवालदार रोज सकाळी कवायत घ्यायचे. तापल्या खडीवरून 'आई गं' न म्हणता चालायचं. करवंदीच्या जाळीतून सरपटायचं. चपलेला पुढचं दिसतं, म्हणून धरायची ती टाचेकडून. चैत्राचं ऊन. पायाला फोड आले, काटे मोडले, सरपंच तर भिंत धरून चालायला लागले. पण चपलांच्या मागणीबद्दल आक्कासमोर कुणी हूं की चूं केलं नाही. ती स्वतः रांगेत पहिली असायची.

"चला की लवकर," ती म्हणायची. "माझं पोरगं घरात अनवाणी बसलंय."

शेवटी दल डोंगर चढलं, तेव्हा भैरूच्या चपला तिलाच सापडल्या. झऱ्याच्या वरच्या अंगाला, खडकावर उभ्या होत्या. हवालदारांनी हातानं खूण केली. आक्का मागून गेली आणि तिनं दोन्ही पदरात धरल्या. आम्ही टाळ्या वाजवणार, तर तिनं त्या उलट्या करून बघितल्या.

नव्या होत्या त्या. पुराच्या आधी जत्रेत घेतलेल्या. आता टाचा झिजल्या होत्या, तळात काटे होते, ओला चिखल होता. आक्का तळावरून हात फिरवत राहिली.

"बया, केवढ्या हिंडल्यात गं," ती मला म्हणाली. "ह्यो असाच. घरात कधी ठरायचा न्हाई. आन् मी बसवून ठेवला."

तिनं एकेक काटा काढला. मग चपला खडकावर ठेवल्या, तोंड डोंगराकडं करून.

"जा बाबा," ती म्हणाली. मग आमच्याकडं वळली. "भैरू गेला. माझा भैरू पाण्यात गेला." आणि तीन वर्षं अडवून धरलेला हंबरडा तिनं फोडला. आम्ही सगळे रडलो. हवालदार तर हुंदके देऊन रडले.

दिवे लागायच्या आत चपला घरोघरी आल्या. दल अजून आहे. कवायत होते, आता चपला घालून.

परवा कासारीण बांगड्या घेऊन आली. आक्काच्या दारात एकच जोड होता, आक्काचा. तिनं बाहेरूनच विचारलं, "आक्का, घरात कोण कोण हाय?"

"मी एकटीच हाय," आक्का म्हणाली. "ये, बस."