बदक, कासव आणि वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

"कैद्यावरसुद्धा कुणी इतकी नजर ठेवत नसेल," मुलगी पुटपुटली.

हे ती माझ्याशी बोलत नव्हती. शिवणाच्या खोलीत आमची कापडी बाई उभी असते, बिनडोक्याची, तिच्या अंगावर मी शिवलेले झगे चढवून बघते. तिच्याशी बोलत होती. मी मात्र हातभर अंतरावर, गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायच्या पडद्याआड स्टुलावर बसले होते. हातात फोन, श्वास रोखलेला.

मी मनाला लावून घेतलं नाही. मुलीला इंटरनेटवर सुरक्षित कसं ठेवावं हे माझ्याइतकं आमच्या गल्लीत कुणाला कळत नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

आधी कॉम्प्युटरच्या खरेदीचं सांगते. मुलीचे बाबा नळकाम करतात. दूर कुठे एक मोठी इमारत उठतेय, तिथे वर्षभराच्या करारावर गेलेले. वर्ष संपत आलं होतं आणि ठेकेदाराने आणखी एका वर्षाचा कागद पुढे केला होता. महिनाअखेर सही करायची होती. दर रविवारी ते फोनवर विचारायचे, "छान चाललंय ना तुमचं?" मी म्हणायचे, "छान चाललंय." मुलगी म्हणायची, "छान." कागदाचं नाव कुणी काढत नव्हतं. त्याऐवजी आम्ही कॉम्प्युटरबद्दल बोलायचो.

दुकानात मी टेप घेऊनच गेले. मुलांचं काहीही घेताना वाढत्या अंगाचं घ्यावं, खाली चार बोटं दुमडून ठेवावी, पुढे सोडता येतात. दुकानदाराला तसं सांगितलं.

"ताई, हा अंगात घालायचा नसतो."

"मुलगी अकराची आहे. पंधराची होईपर्यंत पुरला पाहिजे. आणि स्वस्त."

त्याने थोडा विचार करून एका कचेरीतून निघालेला, आतून साफ केलेला कॉम्प्युटर पुढे ठेवला. "याची मेमरी नंतर वाढवता येते."

"म्हणजे दुमडलेलं कापड आत आहे."

"तसंच समजा," तो म्हणाला आणि टेबलावरचा माझा टेप गुंडाळून माझ्या हातात दिला.

घरी आल्यावर मी कायदे केले. कॉम्प्युटर शिवणाच्या खोलीतच, रोज एकच तास. मुलीचं वेगळं खातं, आणि कुणी नवीन माणूस मैत्री करायला आला तर खातं आधी पालकांना विचारणार. पालकांच्या नंबरासाठी दोन चौकटी होत्या. एक रिकामी ठेवणं बरं दिसेना, म्हणून ह्यांचाही नंबर भरला. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

मुलगी खेळायची तो खेळ बेटांचा. मारामारी नाही, धावपळ नाही. निळं पाणी, त्यावर तरंगणारं एक बेट, आणि वरून ढग इतके सावकाश जायचे की बघता बघता मशीनवरचा माझा पाय मंद व्हायचा. मुलगी तिथे मांजर होती. झाडं लावायची आणि त्यांच्या सावलीत नुसती बसून राहायची. बरोबर चार वाजता पाण्यातून एक कासव वर यायचं, झाडांना पाणी घालायचं आणि तिच्या शेजारी बसायचं.

"कोण गं हे?"

"मित्र."

"मी कुठे होय म्हटलंय?"

"मग दुसऱ्या कुणी म्हटलं असेल."

तिथल्या तिथे सगळं बंद करायला हवं होतं. पण कासवाशेजारी बसलेली असताना मुलीचा चेहरा मी पाहिला होता. तसा तो वर्षभरात दिसला नव्हता. म्हणून पाळत ठेवायचं ठरवलं, आणि फोनवरून, स्वतःच होय दाबून, मी त्याच खेळात बदक झाले.

खरं सांगते, पहिले दोन दिवस पाळत विसरलेच. पाण्यावर डुलत राहिले, प्रत्येक झाडाला झालर लावली. इकडे त्या दोन दिवसांत एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली गेली.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज, पडद्याआडून मी कासवाला गाठलं.

"तू कोण?" बदकाने लिहिलं.

"आधी तू सांग. वय किती?"

"अकरा. तुझं?"

"बारा."

"कितवीत?"

कासव आधी एक नळ उघडून बंद करून आलं. "आठवीत. पहिला नंबर असतो."

"या मांजराची आई फार कडक आहे. कात्री घेऊन बसते."

"माहीत आहे. मोठी, काळ्या मुठीची. मलाही भीती वाटते तिची."

माझ्या कात्रीची मूठ याला कशी दिसली? कॅमेऱ्यातून बघतंय मेलं! मी ताडकन उठले, पडद्यात पाय अडकला, पडदा दांडीसकट डोक्यावर आला, मी कापडी बाईवर आणि कापडी बाई बटणांच्या डब्यावर. बटणं खोलीभर पसरली. मुलीने पडदा उचलला. खाली आई, आईच्या हातात फोन, फोनमध्ये झालरीच्या टोपीचं बदक.

तेवढ्यात तोच फोन वाजला. हे. रविवार नसताना.

"अगं, आधी तो कॉम्प्युटर बंद कर. तिथे एक बदक आहे. अकरा वर्षांचं म्हणवतं, पण चौकशी पोलिसासारखी करतं. तू न वाचता होय दाबलं असशील. आणि त्याला तुझी कात्रीसुद्धा ठाऊक आहे!"

मी बटणांतच बसले.

"तुम्ही आठवीत का?" मी विचारलं.

पलीकडे हातातला पाना खाली पडल्याचा आवाज आला.

"पहिला नंबर?"

"मला तिची झाडं बघायची होती," ते हळूच म्हणाले. "विचारणा माझ्याही फोनवर आली. मीच होय म्हटलं."

मुलगी बटणं वेचत होती. "मला दोघंही पहिल्या दिवशीच कळलात. एवढ्याशा बेटावर बाबाशिवाय सात नळ कोण लावेल? आणि झाडाला झालर?"

"मग बोलली का नाहीस?"

"फोनवर तुम्ही दोघं नुसतं छान छान करता. तिथे तरी काहीतरी बोलत होतात."

"बरं, कामावर आहे, ठेवतो," हे घाईघाईने म्हणाले. मग सवयीने, "छान चाललंय ना तुमचं?" माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, पण फोन त्याआधीच बंद झाला.

कॉम्प्युटरवर सूचना आली. तास संपला, पालक आणखी वेळ देणार का? मी होय दाबलं. कासव अजून गेलं नव्हतं. नळापाशी उभं होतं, आणि वरून एक ढग चालला होता, अगदी सावकाश.

बदकाने एका बोटाने लिहायला घेतलं. मुलगी खांद्यावरून वाचत होती.

"छान चाललेलं नाही. सही करू नका. घरी या."