चुडामणभाऊंची वांगी

महिन्याभराने कामिनी शिंदखेड्याहून जळगावच्या कॉलेजात परतली आणि थेट मागच्या शेडमध्ये गेली. तासाभरात पीएचडीच्या परीक्षक सुनंदाबाई यायच्या होत्या. आठही कुंड्यांतली वांग्याची रोपं टवटवीत डोलत होती. तिने कुंड्यांच्या फिती पुन्हा तपासून पाहिल्या.

लाल फितीच्या चार कुंड्यांत तिने मर रोगाचा जिवाणू सोडला होता. हा जिवाणू झाडाच्या पेशीत सुई खुपसून आपली प्रथिनं टोचतो, तेव्हाच झाड मान टाकतं. पांढऱ्या फितीच्या चारांत जिवाणू तोच, फक्त त्याची सुई मोडलेली. लाल मरायला हवीत, पांढरी जगायला. चार वर्षांचा प्रबंध त्या लालांच्या मरणावर उभा होता.

"चुडामणभाऊ, ही लाल फितीची मेली नाहीत?"

"मरी गयात ना, ताई," शेडचे शिपाई चुडामणभाऊ अभिमानाने म्हणाले. "मंग मी बाजारमाईन नवी आणी त्याच मातीमा लावी."

"अहो, पण का?"

"तुना बाप गया, माय. तू रडी रडी येशी, अन् आठे शेडमा बी मरेलच दखाडू का तुले?"

कामिनीला रागावताही येईना. मागे वळून पाहते तो तिचे मार्गदर्शक पितांबर सर आणि सुनंदाबाई दारातच उभे.

"नवी लावली ती जगली?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"कसानी! आठवडामा ती बी गयी. परत लावी, परत गयी. ही काल लावेल शे."

"आणि पांढरी?"

"त्यास्ले काहीच व्हयनं नही."

"लाल फीत कशाची, ठाऊक होतं?"

"माले वाटनं, देवीना नवसनी."

सुनंदाबाईंनी चष्मा काढला. "कामिनी, तीनदा तोच निकाल, तोही कुंडीत काय आहे हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातून! याहून भक्कम पुरावा तुझ्या प्रबंधात नाही. भाऊ, मेलेली रोपं कुठं टाकली?"

"सरस्ना बंगलामा. वांग्यास्ना वाफामा, खत म्हणीसन."

पितांबर सर मटकन स्टुलावर बसले. "तरीच! सगळा वाफा माना टाकतोय, आणि मी रोज बायकोला बोलतोय, पाणी घालत नाहीस म्हणून!"

"चौथा पुरावा," सुनंदाबाई परीक्षकाच्या अहवालावर सही करत म्हणाल्या. "घरी जाऊन आधी वहिनींची माफी मागा."

महिन्यात पहिल्यांदाच कामिनी मोठ्याने हसली. चुडामणभाऊ मात्र कुंड्यांपाशी घुटमळले.

"ताई, आते ह्या बी मरतीन का?"

"मरतील, भाऊ. मरू द्या," ती म्हणाली. "आता मी आहे इथं."