आंदोलनाची केळ

"येत्या शुक्रवारपर्यंत हा खड्डा बुजला नाही, तर नावाची वार्सिनी नाही मी!"

असं वार्सिनीनं भर आळीत जाहीर केलं, तेव्हा तिची सायकल आडवी पडली होती आणि खारवलेली बदकाची अंडी रस्त्यावर घरंगळत होती. त्यातली सोळा तडकली. या महिन्यातली ही चौथी खेप! बस डेपोवरच्या दुकानदारीण एंडांगबाई आदल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "बाई, तडकलेलं अंडं गिऱ्हाईक हातातसुद्धा धरत नाही. असाच माल आणणार असशील तर मी दुसरीकडून घेते." वार्सिनीचं घर त्या अंड्यांवर चालायचं. नवरा तार्जो दम्यानं घरी बसलेला.

"अर्ज दे की," तार्जो म्हणाला.

"अहो, तीन दिले! त्यावर ते भजी खात असतील! आता आंदोलन."

"कुणाबरोबर?"

"एकटीनं! मोर्चा नको, घसा फाडायला नको. फावडं घ्यायचं, खड्ड्यात केळ लावायची. फोटो फिरला की साहेबांना लाज वाटते आणि डांबराची गाडी येते. आपल्या सगळ्या जावा बेटावर असंच करतात. इतकं सोपं असतं!"

तिनं परसातली डोक्याइतक्या उंचीची केळ मुळासकट उपटली, खड्ड्यात रोवली आणि वर पाटी टांगली: 'साहेब, तुमच्या कृपेनं आमच्या रस्त्यात शेती सुरू झाली आहे.' शेजारीपाजारी टाळ्या वाजवून गेले. शेजारच्या मीमिननं तर फोटोत उभं राहण्यासाठी पावडर लावून घेतली.

पण वार्सिनी एक गोष्ट साफ विसरली. आमचा सतरा ऑगस्टचा स्वातंत्र्यदिन तोंडावर आला होता, आणि सुंदर आळी स्पर्धेची समिती गुरुवारी यायची होती!

गुरुवारी सकाळी ती दार उघडते तो काय, पाटी गायब! केळीभोवती दगडांचं गोल रिंगण, त्यांना लाल-पांढरा रंग, आणि पानापानाला कागदी झेंडे. आळीचे प्रमुख कुस्नादी ब्रश घेऊन उकिडवे बसलेले.

"माझ्या आंदोलनाला रंग काय फासताय?" वार्सिनी कडाडली.

"हळू बोल गं बाई! तालुक्याची माणसं कोपऱ्यावर आलीत. खड्डा दिसला तर माझी अब्रू जाईल."

"दिसायलाच हवा! त्यासाठीच लावलीय!"

तेवढ्यात समिती आलीच. पुढे इस्त्रीच्या गणवेशातल्या एक बाई. केळ बघून त्यांनी छातीवर हातच ठेवला. "अय्या! रस्त्याच्या मधोमध बाग! कल्पना कुणाची?"

कुस्नादींनी वार्सिनीला पुढे ढकललं.

"मॅडम, ही बाग नाही, हा खड्डा आहे!"

"म्हणजे खड्ड्याचासुद्धा उपयोग केलात! लिहून घ्या, लिहून घ्या!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कुस्नादींनी बागेच्या नोंदीचा कागद पुढे केला आणि वार्सिनीनं सही केली. का केली? पाहुणे समोर उभे, हातात चहा, चेहऱ्यावर हसू. अशा वेळी आरडाओरडा करायची आमच्याकडे रीतच नाही! मनातल्या मनात मात्र तिनं कुस्नादींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आळीला दुसरा नंबर मिळाला. बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ आलं. ते कुस्नादींच्या घरी लागलं.

मग काय, केळीचे लाड सुरू झाले. कुणी पाणी घालतंय, कुणी राख टाकतंय. बायका तांदूळ धुतलेलं पाणी आणून ओततात! तिकडे खड्डा ओला होऊन रुंदावला. वार्सिनी सायकल हातात धरून, टोपली सांभाळत, बांधावरून चिखल तुडवत डेपोला जायला लागली. तरी अंडी तडकायचीच. एंडांगबाई आता नुसत्या सुस्कारे टाकायच्या.

फेब्रुवारीत एका सकाळी घरघर ऐकू आली. डांबराची गाडी! वार्सिनी हातातली अंडी तशीच टाकून धावली. मुकादमानं अलीकडे डांबर ओतलं, पलीकडे ओतलं आणि केळीपाशी येऊन नकाशा उघडला.

"इथं नाही. इथं बाग आहे. देखभाल करणार: वार्सिनीबाई."

"मीच ती! मी सांगते, तोडा!" तिनं घरातून कोयताच आणला.

"खबरदार!" मीमिन पदर खोचून आडवी आली. "पंधरा दिवसांत घड उतरायचाय. अठरा घरांत वाटण्यासुद्धा ठरल्यात!"

"अगं, पण रस्ता होतोय ना! रस्ता!"

"रस्ता काय, होईल कधीतरी. केळी आत्ता आलीत!"

बघता बघता सगळी आळी केळीभोवती फतकल मारून बसली. पोरीबाळी, म्हातारेकोतारे, कुस्नादी सर्वांत पुढे. कुणी फोटो काढले, कुणी घोषणा दिल्या. "तूच शिकवलंस ना," मीमिन वार्सिनीला म्हणाली, "आंदोलन सोपं असतं म्हणून?"

"मेल्यांनो, मी हे खड्ड्याविरुद्ध शिकवलं होतं!" वार्सिनी किंचाळली. ऐकतो कोण!

मुकादमानं तासभर वाट पाहिली. डांबर थंड व्हायला लागलं. "आमच्याकडे लोकांचं मन मोडत नाहीत," असं म्हणून त्यानं गाडी वळवली. आता पुढच्या वर्षी.

त्याच आठवड्यात एंडांगबाईंनी दुसरीकडून अंडी घ्यायला सुरुवात केली.  वार्सिनी रडली, चुलीपुढे बसून, धुराचं निमित्त करून.

पंधरा दिवसांनी वाजतगाजत घड उतरला. वार्सिनीच्या वाट्याला सात केळी आली. ती बदकांपुढे टाकायची असं तिनं पक्कं ठरवलं होतं. पण तार्जोनं एक सोलून तिच्या हातात दिलं आणि तिनं नाइलाजानं एक घास घेतला.

जन्मात इतकं गोड केळं तिनं खाल्लं नव्हतं! आणि खरं सांगायचं तर तिचं डोकं जे फिरलं, ते खड्ड्यावरून नाही, त्या गोडीवरून.