सासूबाईंची पाठ आणि सिकुकूचं कर्ज

चहाच्या सुट्टीत जाऊन यायचं आणि कुणाला काही बोलायचं नाही, एवढंच सिकुकूने ठरवलं होतं. बेत साधा होता. सिकुकूचे सगळे बेत साधेच असतात. पुढे त्यांचं जे होतं त्यात त्याचा काही हात नसतो (असं त्याचं म्हणणं).

काम होतं एका दाखल्याचं. किमिलिलीच्या पाणीपुरवठा कचेरीत तो कारकून होता आणि तिथे वरिष्ठ कारकुनाची जागा निघाली होती. पगार बरा, खुर्ची हातांची आणि मुख्य म्हणजे खिडकीपाशी. अर्जाला सगळे कागद जोडून झाले होते. एकच राहिला होता. कॉलेजसाठी कर्ज दिलेल्या मंडळाने लिहून द्यायचं होतं की या माणसाबद्दल आमची काही तक्रार नाही. अर्जाची मुदत उद्या संपत होती.

आता, मंडळाची तक्रार होती. बरीच होती. कॉलेज सोडल्यापासून सिकुकूने एक शिलिंगही परत केला नव्हता. आधी नोकरी नव्हती म्हणून, मग नोकरी नवी होती म्हणून, आणि नंतर इतकी वर्षं उलटली की एकदम जाऊन उभं राहणं त्याला बरं दिसेना. मंडळाचे फोन यायला लागले की तो सिमकार्ड बदलायचा आणि बायकोला सांगायचा, "या कंपनीला रेंजच नाही." बायकोला, म्हणजे नालियाकाला, तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी एका हळव्या संध्याकाळी म्हणून बसला होता की कर्ज केव्हाच फिटलं. ते दुरुस्त करायची संधी पुढे काही आली नाही. (रोज यायची. पण नेमका तेव्हा तोंडात उगालीचा घास असायचा.)

अशात मंडळच गावात आलं. बाजारामागच्या सभागृहात एका दिवसाचं शिबिर: स्वतः या, दंड माफ करून घ्या, हप्ता बांधून घ्या, दाखला हातात घेऊन जा. सिकुकूने छातीवर हात ठेवून देवाचे आभार मानले आणि दहाच्या चहाला कचेरीतून सटकला.

सभागृहात तीन टेबलं होती. एक नव्या कर्जांचं, एक बंद पडलेल्या कॉम्प्युटरचं आणि एक जुन्या थकबाकीचं. तिसऱ्यापुढे रांग होती. सिकुकूच्या पुढे मकोखाकाका उभे होते, लेकीच्या कर्जाची चौकशी करायला आलेले. गावातली लग्नं, मयती आणि वर्गणीच्या सभा काकाच बोलून चालवायचे. माइक असला तर ते माइकवर बोलत आणि नसला तर कुणाच्या ते लक्षातही येत नसे.

"तू पण थकलास का रे?" काकांनी विचारलं, आणि दारापर्यंतच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मी आपला सहज," सिकुकू पुटपुटला.

काका एका बाजूला झाले तेव्हा त्याला टेबलामागचं माणूस दिसलं. ताठ पाठ, पांढरे केस, नाकाच्या टोकावर चष्मा. निवृत्त मुख्याध्यापिका नाबविलेबाई. मंडळाने एका दिवसापुरते गावातले विश्वासाचे लोक कामाला घेतले होते आणि नाबविलेबाईंपेक्षा विश्वासाचं गावात कोण असणार. त्या नालियाकाच्या आई होत्या.

सिकुकू दोन पावलं मागे सरला, आणि ते केवळ कर्जामुळे नव्हे. जावयाने सासूसमोर उभं राहायचं नसतं. हात मिळवायचा नाही, एका छपराखाली बसायचं नाही, एकमेकांचं नाव तर घ्यायचंच नाही. वाटेत गाठ पडली तर जावयाने झुडपात शिरायचं आणि सासूने ढग बघत पुढे जायचं. दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांनी बसून, मेंढा कापून, भेटवस्तू देऊन ही लाज उठवेपर्यंत असंच चालायचं. सिकुकूने ते उठवणं लग्नापासून पुढे ढकललं होतं. पैसे नाहीत, असं तो म्हणायचा. खरं तर त्याला ही रीत मनापासून आवडायची. त्याच्या मित्रांच्या सासवा राहायला आल्या की मित्र कामावर उशिरापर्यंत रेंगाळायचे. याची सासू दारात येऊच शकत नव्हती.

इथे झुडूप नव्हतं. 'शिका, फेडा, पुढे चला' असं लिहिलेला एक उंच कापडी फलक होता. सिकुकू त्याच्यामागे शिरला. फलक लाकडी पायांवर उभा होता आणि ते पाय अशा कामासाठी केलेले नव्हते. फलक आडवा झाला आणि सिकुकू त्याच्याखाली.

आवाजाने बाईंनी वर पाहिलं. फलकाखालून बाहेर आलेले बूट त्यांनी ओळखले, कारण ते नालियाकाने त्यांच्यासोबत जाऊनच घेतले होते. त्या उठल्या, खुर्ची भिंतीकडे फिरवली, खांद्यावर पांघरलेला लेसो डोक्यावरून ओढून घेतला आणि पाठ करून बसल्या. काम थांबलं.

मंडळाचा साहेब मुटिसो नैरोबीहून आला होता. तरुण, गळ्यात ओळखपत्र, पायात इथल्या तांबड्या मातीला न शोभणारे बूट. तो धावत आला.

"काय चोरलं याने?" त्याने पहारेकऱ्याला खूण केली. पहारेकरी फलकावर बसला.

"सोडा त्यांना, साहेब," बाई भिंतीला म्हणाल्या. "चोर नाहीत ते."

"मग तुम्ही घाबरलात का?"

"घाबरले नाही. लाज वाटली."

मुटिसोने बाईंच्या पाठीकडे पाहिलं, मग बुटांकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समज आल्यासारखी दिसली. "अच्छा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे तुमचं आणि यांचं पूर्वी काही..."

रांगेतल्या दोघीतिघींनी कानांवर हात ठेवले.

"साहेब, जीभ आवरा," मकोखाकाका म्हणाले. "बाईंचे जावई आहेत ते."

"मग उत्तमच की. घरचीच माणसं. या, हात मिळवा, बसा समोरासमोर."

रांगेतल्या एका म्हातारीने खालीच बसून घेतलं. कुणीतरी साहेबाला बाजूला नेऊन समजावलं. साहेब कपाळ चोळत परत आला. जुन्या फाइली बाईंच्या टेबलावरच्या एकाच कॉम्प्युटरवर उघडत होत्या, आणि तो कॉम्प्युटर बाईंखेरीज कुणालाच जुमानत नव्हता. "उद्या या," असं तो सिकुकूला म्हणाला. पण उद्या शिबिर नव्हतं, आणि उद्यानंतर ती खिडकीजवळची खुर्चीही नव्हती.

फलकाखालून सिकुकूने हे सगळं ऐकलं. पळून जावं असं त्याला फार वाटलं. (पहारेकरी अजून उठला नव्हता.)

"मी मध्ये उभा राहतो," काका म्हणाले. "बाई आत, जावई बाहेर. बाई बोलतील ते मी सांगेन, जावई बोलतील ते मी सांगेन. एका छपराचा प्रश्न नाही, तोंडाला तोंड नाही."

रांगेला हे पटलं. कॉम्प्युटर भिंतीकडे वळवला. सिकुकू बाहेर जाऊन खिडकीखाली, सभागृहाकडे पाठ करून उभा राहिला. काका दोघांच्या मधोमध उभे राहिले. आवाज खिडकीबाहेर पोचायला हवा म्हणून त्यांनी घसा साफ केला.

"नाव विचारा," बाई म्हणाल्या.

"बाई नाव विचारतायत!"

"त्यांना माहीत आहे," खिडकीबाहेरून आवाज आला.

"तुम्हाला माहीत आहे म्हणतात!"

"मला माहीत आहे, पण मी तोंडाने कसं घेऊ? तुम्ही सांगा."

काकांनी ते लग्नात नवरदेवाचं सांगतात तसं सांगितलं. मागे कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या.

बाईंनी कळा दाबल्या. मग थांबल्या. "घेतलेले दिसतायत. फेडलेले दिसत नाहीत. त्यांना विचारा, हा कॉम्प्युटर पण बिघडलाय का."

काकांनी विचारलं. सिकुकूसमोर बाजाराची वाट होती आणि वाटेवर एक कोंबडी माती उकरत होती. आता हो म्हणून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. कोंबडीने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "बरा आहे कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटर बरा आहे म्हणतात!"

बाईंनी चष्मा नाकावर वर सरकवला. "मग माझ्या मुलीला कर्ज फिटलं म्हणून कुणी सांगितलं, ते विचारा."

"बाई विचारतायत..."

"ऐकू आलं, काका."

"ऐकू आलं म्हणतात!"

"ऐकू आलं तर बोलायला काय झालं?"

"हे फॉर्मवर आहे का, विचारा," सिकुकू क्षीण आवाजात म्हणाला.

मुटिसोने फॉर्म उलटसुलट पाहिला. "फॉर्मवर नाही," तो म्हणाला.

"असायला हवं," रांगेतली म्हातारी म्हणाली.

बाईंनी पुढचं पान उघडलं. "दंड माफ करायचा तर पैसे कशाला वापरले ते लिहावं लागतं. शेवटच्या वर्षीचा हप्ता उचललाय, पण त्या सत्राची फी भरलेली नाही. ती नंतर भरलीय, उसनवारीने. मग हे पैसे गेले कुठे?"

काकांनी प्रश्न बाहेर पोचवला. कोंबडी निघून गेली होती. सिकुकूने एकदा वर पाहिलं, एकदा खाली.

"काका, एवढं एक हळू सांगाल का?"

"हळू?" काका म्हणाले. ही गोष्ट त्यांनी कधी करून पाहिली नव्हती.

"गाय घेतली."

"गाय घेतली!"

"विद्यार्थ्याला गाय कशाला?" बाई म्हणाल्या.

"लग्नासाठी. मुलीच्या घरी द्यायला."

"मुलीच्या घरी द्यायला घेतली!" काका म्हणाले आणि मग स्वतःच गप्प झाले. सगळं सभागृह बाईंच्या पाठीकडे बघू लागलं.

पाठ हलली. "तांबडी?" बाईंनी विचारलं. "कपाळावर ठिपका असलेली?"

"हो."

काकांनी हे पोचवलं नाही, पण सगळ्यांना कळलं. ती गाय गावाला ठाऊक होती. तिच्या कालवडी विकून बाईंनी धाकट्या मुलाला कॉलेजात शिकवलं होतं. दर रविवारी चर्चबाहेर त्या सांगायच्या, "आम्ही मुलाला शिकवलं, पण कर्जाचा एक शिलिंग घरात येऊ दिला नाही." हे ऐकून कर्जवाल्या घरचे लोक माना खाली घालत.

रांगेत कुणीतरी खोकलं. कुणीतरी खोकल्याचा आव आणून हसलं. मग लेसोच्या आत बाईंचे खांदे हलायला लागले, आणि त्या रडतायत की काय म्हणून मुटिसो पाण्याचा ग्लास घेऊन पुढे झाला. त्या हसत होत्या.

"मग मी काय लिहू?" मुटिसोने विचारलं. "पैसे कशाला वापरले?"

बाईंनी चष्मा पुसला. "लिहा," त्या म्हणाल्या, "शिक्षणासाठीच वापरले."

दंड माफ झाला. हप्ता बांधला गेला. दाखल्यावर शिक्का मारायच्या आधी मुटिसो म्हणाला, "जामीन कोण राहणार?"

सगळी रांग छताकडे बघू लागली. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. मकोखाकाका आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले: "मी आपला नुसता बोलायला आहे."

"मी राहते," बाई भिंतीला म्हणाल्या, आणि मागे न बघता हात लांब करून पेन मागितलं.

दाखला खिडकीतून बाहेर आला. सिकुकूने तो दोन्ही हातांनी घेतला. त्याला आतल्या पाठीला काहीतरी सांगायचं होतं, पण काकांकरवी सांगण्यासारखं ते नव्हतं. तो नुसता मान लववून निघाला.

कचेरीकडे जाताना मात्र त्याची चाल हळूहळू सुधारत गेली. दाखला खिशात होता. खुर्ची जवळजवळ त्याचीच होती. आणि जामीन असावा तर असा, त्याच्या मनात आलं: एखादा हप्ता चुकलाच तरी दारात येऊन विचारू न शकणारा. मंडळाला शोधूनही असा जामीन मिळाला नसता. तो चक्क शीळ घालू लागला.

संध्याकाळी नालियाकाने उगाली वाढली, भाजी वाढली आणि समोर बसली.

"तुला एक सांगायचं होतं," सिकुकू म्हणाला. घास त्याने मुद्दाम ताटातच ठेवला होता.

"ठाऊक आहे."

"आई बोलल्या?"

"नाही. मी बाजारात टोमॅटो घेत होते. मकोखाकाका बोलत होते."

सिकुकूने मान खाली घातली. "रागावलीस?"

"दुपारपर्यंत होते रागावलेली. गाईचं ऐकलं तेव्हा राग थोडा कमी झाला." तिने त्याच्या ताटात अजून भाजी वाढली. "मग आईचा फोन आला. ती म्हणते, ही लाज आता उठवून टाकू. म्हाताऱ्यांशी बोलून झालंय. पुढच्या महिन्यात."

"पण मेंढा..."

"मेंढा तीच आणतेय. तुला खर्चात पाडायचं नाही म्हणाली, तुझा हप्ता आहे."

"एवढी घाई कशाला?"

"जामीन आहे ना ती. दर महिन्याला पगाराच्या दिवशी येऊन राहीन म्हणाली, हप्ता गेला की परत जाईन."

"आणि नाही गेला तर?"

"तर परत जाणार नाही."

सिकुकूने खिडकीजवळच्या खुर्चीचा विचार केला. वरिष्ठ कारकुनाला कामावर किती उशिरापर्यंत थांबता येईल, याचाही केला. मग त्याला आठवलं की विधी पुढच्या महिन्यात आहे. म्हणजे हा महिना तरी आपला. त्याने सुस्कारा सोडला आणि घास उचलला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून कुणीतरी घसा साफ केला. गल्लीतली कुत्री उठून बसली. शेजारच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

"सिकुकू! बाई विचारतायत, जेवलात का! आणि सिमकार्ड तेच आहे ना!"