एक नंबर मोठे टायर

चंद्रहास गवाणकरांनी गाडी घ्यायला पंधरा दिवस लावले आणि तिचे टायर निवडायला चार महिने.

गाडी सेकंडहँड होती. हिरवी, उंच, चारही चाकांना ताकद देणारी. चंदनसारच्या त्यांच्या सोसायटीत ती उभी राहिली तेव्हा बाजूच्या मारुती एकदम शाळकरी वाटायला लागल्या. गवाणकर वसईच्या एका सहकारी बँकेत अधिकारी होते. गाडीचं रोजचं काम चंदनसार ते वसई आणि वसई ते चंदनसार, वाटेत फार तर भाजी. पण गाडी डोंगर चढणारी आहे हे त्यांनी सोसायटीत प्रत्येकाला एकदा आणि लिफ्टमध्ये सापडलेल्यांना दोनदा सांगितलं होतं.

जुने टायर गुळगुळीत झाले तेव्हा गवाणकरांनी मनावर घेतलं. सायबर कॅफेत बसून त्यांनी छापील कागदांची चळत आणली. अंबाडी रोडवरच्या केनीच्या दुकानात ते आठवड्यातून दोनदा जायचे, टायरच्या खाचांत पेनाचं टोपण घालून खोली बघायचे, रबर अंगठ्यानं दाबायचे, वास घ्यायचे.

"मला बघायला आला होतात तेव्हा अर्ध्या तासात उठलात," मीराताई म्हणाल्या.

"तेव्हा एवढी चॉइस नव्हती," गवाणकर कागदातून मान वर न काढता म्हणाले, आणि ते वाक्य त्यांना त्या आठवड्यात फार महाग पडलं.

केनी सज्जन माणूस होता. त्यानं आठव्या खेपेलाही चहा मागवला आणि विचारलं, "सर, गाडी रोज डांबरावर ना? मग साधे रोड टायर घ्या. आवाज नाही, डिझेल कमी."

"आणि उद्या चिखलात जायचं झालं तर?"

"मग ऑल टेरेन. डांबरावर पण चालतील, मातीत पण. नुसते चिखलाचे मड टायर घेऊ नका, हायवेला विमान उतरल्यासारखा आवाज येतो."

"ठरलं. ऑल टेरेन. पण एक नंबर मोठे."

केनीनं कप खाली ठेवला. "सर, कंपनीच्या मापाचेच घ्या. मोठे घातले की स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर आत घासतील. गाडी वळणार नाही."

"गाडीचा रुबाब टायरवर असतो, केनी."

केनीनं आणखी एकदा सांगून बघितलं आणि मग गिऱ्हाइकाच्या आनंदाआड येणं सोडून दिलं.

टायर बसले आणि गाडी खरोखरच देखणी दिसायला लागली. रुंद, काळेकुळकुळीत, बाजूला पांढरी ठसठशीत अक्षरं. गवाणकर दुकानातून निघाले ते मान ताठ ठेवूनच. चंदनसारला पोचून त्यांनी सोसायटीच्या फाटकात उजवीकडे वळायला स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, आणि खालून आवाज आला, "खर्रर्रर्र."

गाडी अडली. गवाणकरांनी मागे घेतली, पुन्हा पुढे नेली. "खर्रर्रर्र." रखवालदार धर्मा धावत आला आणि हात हलवत म्हणाला, "येऊ द्या साहेब, येऊ द्या... थांबा! भिंत!"

सहाव्या खेपेला गाडी आत गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चार माणसं उभी होती. गवाणकर उतरले, टायरवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "मोठ्या गाड्यांना वळायला जागा लागतेच!"

केनीकडे परत जाणं शक्य नव्हतं. चार महिने अभ्यास केलेल्या माणसानं आठव्या दिवशी टायर बदलले, तर लोक काय म्हणतील? त्यापेक्षा त्यांनी रस्ते बदलले. घट्ट वळण असलेला प्रत्येक कोपरा त्यांनी आयुष्यातून वजा केला. मीराताईंनी एकदा विचारलं, "स्टेशनला जायला आपण नाल्याच्या पलीकडून का चाललोय?"

"हवा चांगली असते तिकडे."

"नाल्याकडे?"

अशा दिवसांत, टायरांचं मनापासून कौतुक करणारा जगात एकच माणूस निघाला, बँकेतला कॅशिअर ॲन्सेल्म. होळी गावात त्याचं घर. जेवणाच्या सुट्टीत तो गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आला आणि म्हणाला, "गवाणकर, काय टायर आहेत! राजाची सवारी वाटते नुसती."

ॲन्सेल्मच्या मुलीचं, व्हिव्हियनचं लग्न दहा दिवसांवर होतं. गवाणकरांच्या तोंडून निघून गेलं, "व्हिव्हियन या गाडीतनं चर्चला जाणार. माझ्यातर्फे. नाही म्हणायचं नाही!"

ॲन्सेल्मनं त्यांना मिठी मारली. मिठीतच गवाणकरांना होळीच्या अरुंद गल्ल्या आठवल्या.

रविवारी ते स्कूटरवरून गुपचूप पाहणी करून आले. जीव भांड्यात पडला. मोठ्या रस्त्यावरून ॲन्सेल्मच्या दारापर्यंत गल्ली सरळ होती. सरळ जायचं आणि तसंच उलटं बाहेर यायचं. वळायचा प्रश्नच नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारी अडीचला गाडी होळीत शिरली तेव्हा पोरंटोरं मागे धावली. बायका दारात आल्या. गवाणकर सूट घालून, कोपर खिडकीबाहेर काढून बसले होते. बॉनेटवर पांढरी फुलं, आरशांना रिबिनी. पण कुणीतरी टायरलाही फूल बांधायला लागला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं. अक्षरं झाकली जात होती.

सजावट चालू असतानाच मंडपवाल्यांच्या लक्षात आलं, की पाहुणे वाढलेत आणि मंडप पुरत नाही. त्यांनी गाडीच्या मागे, भर गल्लीत चार खांब रोवले आणि उरलेलं कापड ताणलं. त्याखाली टेबलं आली, टेबलांवर पातेली आली.

गवाणकरांनी मागे वळून बघितलं. "ॲन्सेल्म, मी बाहेर कसा पडणार?"

"पुढनं काढ की! विहिरीपाशी उजवीकडे वळलं की थेट चर्चचा रस्ता. रिक्षावाले रोज वळतात."

पावणेचार वाजले होते. व्हिव्हियन बाहेर आली. पांढरा झगा, मागे सहा फूट लांब शेपटा, तो धरायला दोन करवल्या. तिची आई हेलन तिच्याबरोबर मागे बसली, ॲन्सेल्म पुढे. विधी चारला होता, आणि फादर चारला म्हणजे चारलाच सुरू करणारे. मागच्या मोसमात एक नवरी सव्वाचारला पोचली, तर फादरांनी सगळ्यांसमोर तिच्या बापाला घड्याळ भेट द्यायची तयारी दाखवली होती.

विहीर आली. डावीकडे विहिरीचा कठडा, उजवीकडे दगडी भिंत, समोर एका वाडीचं बांबूचं फाटक, आणि मधून उजवीकडे काटकोनात वळणारी गल्ली. गवाणकरांनी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली, शेजारचे देवही सोडले नाहीत, आणि स्टिअरिंग फिरवलं.

"खर्रर्रर्र."

"काय झालं?" ॲन्सेल्म म्हणाला.

"काही नाही. गिअर."

मागे घेतली. पुढे नेली. "खर्रर्रर्र." प्रत्येक खेपेला गाडी विहिरीकडे वीतभर सरकत होती. चौथ्या खेपेला हेलननं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मागून बँडवाले आले आणि गाडी थांबलेली बघून त्यांनी आनंदानं वाजवायला सुरुवात केली.

"चालत जाऊ या का?" हेलन म्हणाली.

ॲन्सेल्मनं रस्त्यावरची माती बघितली, मुलीचा झगा बघितला, तिच्या सँडलच्या टाचा बघितल्या. रिक्षा सगळ्या मंडपाच्या पलीकडे. दहा मिनिटं उरली होती. त्याच्या कपाळावरून घाम निघून कॉलरमध्ये जात होता. मुलीच्या लग्नाची त्यानं दोन वर्षं तयारी केली होती, आणि आता मित्राकडे तो असा बघत होता की गवाणकरांना गाडीतून उतरून विहिरीत उडी मारावीशी वाटली.

त्यांनी इंजिन बंद केलं.

"ॲन्सेल्म, गाडी वळणार नाही," ते म्हणाले. "टायर एक नंबर मोठे आहेत. दुकानदारानं बजावलं होतं. मी ऐकलं नाही. वळवलं की घासतात. दीड महिना मी सगळ्यांपासून लपवतोय. चूक माझी आहे."

बँडही नेमका त्याच क्षणी थांबला होता. त्यामुळे हे अख्ख्या वरातीनं ऐकलं.

उत्तर आलं ते समोरून, वाडीच्या बांबूच्या फाटकामागून. तिथे साठीच्या कार्मिनबाई हाताची घडी घालून हा सगळा खेळ पहिल्यापासून बघत होत्या. त्या ॲन्सेल्मच्या चुलतबहीण. एका फणसाच्या फांदीवरून दोन्ही घरांत अकरा वर्षं बोलणं बंद होतं. लग्नाची पत्रिका ॲन्सेल्मनं पोस्टानं पाठवली होती, चाळीस पावलांवर.

"वळत नाही तर सरळ का जात नाही?" कार्मिनबाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या.

फाटक गाडीच्या बरोबर नाकासमोर होतं. फाटकामागे केळीच्या दोन रांगा, मधून सरळसोट मोकळी पट्टी आणि टोकाला दुसरं फाटक. त्याच्या पलीकडे चर्चचा रस्ता. पट्टी नुकतीच खणून भिजवलेली होती. आणि ती कार्मिनबाईंची होती.

ॲन्सेल्म समोर बघत गप्प बसला. अकरा वर्षं म्हणजे अकरा वर्षं. शेवटी मागच्या खिडकीतून व्हिव्हियननं डोकं बाहेर काढलं. डोळ्यांतलं काजळ ओघळायच्या बेतात होतं.

"आत्या, वाट दे ना गं."

"कालच पालक पेरलाय," कार्मिनबाई म्हणाल्या.

"मी येऊन परत पेरून देईन."

"तू? तुला पालक आणि माठ कळतो का?" असं म्हणत त्यांनी फाटकाची दोरी सोडली. "थांब. मी पण येते. माझ्या वाडीतनं माझ्याशिवाय कोण जाणार नाही."

त्या घरात गेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या. अंगावर जरीची साडी, गळ्यात सोन्याचा गोप, अंबाड्यावर मोगरा, हातात गुंडाळलेलं प्रेझेंट. दोन मिनिटांत एवढं नटणं होळीत कुणाला जमलेलं नाही. त्या सकाळपासून तयार होऊन बसल्या होत्या हे सगळ्यांना कळलं, पण कुणी तसं दाखवलं नाही. हेलन सरकली आणि त्या मागे बसल्या.

गवाणकर उतरले, पुढच्या चाकांची कळ फिरवली, आत बसून छोटा दांडा ओढला. आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या चारही चाकांना एकदम काम मिळालं. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि गाडी ओल्या मातीत घातली.

चाकं घोट्याएवढी रुतली. हेलन किंचाळली. आणि मग त्या टायरांनी माती पकडली. केनीच्या दुकानात ज्या खाचांत पेनाचं टोपण घातलं होतं त्या खाचा आता चिखल चावत, थुंकत पुढे निघाल्या. केळीची पानं काचांवर फटाफट आपटत होती. गाडी डुलत होती, गुरगुरत होती, पण थांबत नव्हती. गवाणकरांची छाती सुटाच्या बटणांना ताण देत होती. मागे वरात फाटकात गोळा होऊन ओरडत होती, बँड बेभान झाला होता.

अर्ध्या वाटेत कार्मिनबाईंनी पुढे वाकून ॲन्सेल्मकडे बघितलं. "टाय वाकडा झालाय तुझा," त्या म्हणाल्या.

"कुठे?" ॲन्सेल्मनं गळ्याशी चाचपलं.

"इकडे बघ. अजून नीट बांधता येत नाही." आणि त्यांनी तो सरळ केला.

चारला दोन मिनिटं असताना गाडी चर्चच्या पायऱ्यांसमोर उभी राहिली. खिडक्यांपर्यंत चिखल, बॉनेटवरच्या फुलांत केळीचं पान अडकलेलं. नवरदेव पीटर तोंड उघडं टाकून बघत राहिला. दार उघडलं आणि त्यातून व्हिव्हियन उतरली, पांढरीशुभ्र, एक शिंतोडा नाही. फादरांनी घड्याळ बघितलं, गाडी बघितली आणि मान डोलावली. रात्री जेवताना ॲन्सेल्मनं गवाणकरांचा हात धरून त्यांना टेबलाटेबलावर फिरवलं. "हाच तो," एवढंच सांगावं लागत होतं. मीराताई शेजारच्या बाईंना सांगताना सापडल्या, "चार महिने निवडत होते हो, उगाच नाही."

तरीही सोमवारी गवाणकरांनी केनीला फोन करून कंपनीच्या मापाचे टायर बाजूला ठेवायला सांगितले. चारचौघांत कबूल केल्यावर आता लाज कसली? फोन ठेवतात तोच ॲन्सेल्म आला. "कार्मिननं बोलावलंय. संध्याकाळी. वाडीत."

गवाणकरांना पालक आठवला. ते मान खाली घालून गेले, काय बोलणी बसतील ती खायच्या तयारीनं.

कार्मिनबाई विहिरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पंप चालू केला. पाणी पाटातून आलं, टायरांनी पाडलेल्या दोन चरांत शिरलं आणि केळीच्या दोन्ही रांगांना धरून, कुठेही न तुंबता, न फुटता, पलीकडच्या फाटकापर्यंत सरळ पळत गेलं.

"बावीस वर्षं गडी लावून पाण्याच्या सऱ्या काढून घेते," त्या म्हणाल्या. "एकाची सरळ नाही. मधेच वळतात, पाणी फुटतं. ट्रॅक्टर आत येत नाही. ही बघ. दोरी धरल्यासारखी."

"मी पालकाचं विचारायला..."

"पालक गेला खड्ड्यात. अजून पाच पट्ट्या राहिल्यात. रविवारी गाडी आणशील?"

गवाणकर खोकले. "आणीन. पण बाई, मी टायर बदलतोय. नवे बसले की गाडी व्यवस्थित वळेल."

"वळेल?" कार्मिनबाईंचा चेहरा पडला. "मग काय उपयोग? मला ही न वळणारीच पाहिजे."

गवाणकरांनी खिशातून मोबाइल काढला आणि तिथेच, पाण्याच्या कडेला उभं राहून केनीला फोन लावला.

"केनी, ते टायर दुसऱ्या कुणाला देऊन टाका."

"का सर? घासायचे थांबले?"

"नाही," गवाणकर म्हणाले, "गाडीला नोकरी लागली."