स्वतःच्या घरात उडी मारण्यास परवानगी मिळणेबाबत

जावककाकांच्या हृदयाबद्दलची पहिली लेखी तक्रार त्यांच्या वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, एका मंगळवारी प्राप्त झाली. ती एका लांबलचक पट्टीवर रेघोट्यांच्या स्वरूपात होती आणि खाली डॉक्टरीणबाईंची सही होती. तोपर्यंत जिना चढताना लागणारी धाप ही केवळ तोंडी बाब असल्यामुळे काकांनी तिची दखल घेतलेली नव्हती.

काका शहराच्या मुख्य कार्यालयात आवक-जावक विभागात कारकून होते. आत येणाऱ्या कागदावर आवक क्रमांक टाकायचा आणि बाहेर जाणाऱ्या कागदावर जावक क्रमांक, हे काम त्यांनी बत्तीस वर्षं एकही रजा न घेता केलं होतं. ज्या गोष्टीला क्रमांक नाही ती घडलेलीच नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. म्हणून इमारतीत सगळे त्यांना जावककाका म्हणत, आणि त्यांच्या बायकोला जावककाकू. काकूंनी उभ्या जन्मात कशावर क्रमांक टाकला नव्हता, पण लग्न झाल्यावर असल्या गोष्टी आपोआप चिकटतात.

"रोज वीस मिनिटं तुमचं हृदय जोरात धावलं पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुडघे असे, म्हणजे रस्त्यावर धावणं बंद. घरात ती छोटी ट्रॅम्पोलिन आणा. गोल असते, खाली स्प्रिंगा असतात. तिच्यावर हलक्या हलक्या उड्या मारायच्या. तीन महिने मारा, मग परत तपासू."

"आणि नाही मारल्या तर?" काकांनी विचारलं.

"तर रक्तवाहिनीत स्प्रिंग टाकावी लागेल. स्प्रिंग पायाखाली हवी की छातीत, तेवढंच तुम्ही ठरवा."

शेजारीच बसलेल्या काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी त्याच संध्याकाळी लेकीला फोन केला आणि चौथ्या दिवशी ट्रॅम्पोलिन घरी आली. सहा पाय, काळं ताणलेलं कापड, आणि पडू नये म्हणून धरायला एक दांडा. बैठकीच्या खोलीतलं टीपॉय गॅलरीत गेलं आणि त्याच्या जागी ती बसली. काकांनी चपला काढल्या, दांडा घट्ट धरला आणि उडी मारली. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटण्याची त्यांच्या सेवाकाळातली ती पहिलीच घटना होती.

आणि गंमत म्हणजे त्यांना ते आवडलं. मनापासून आवडलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दांडा सोडला. पाचव्या दिवशी ते उडता उडता शीळ घालायला लागले. सहाव्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन काकू नुसत्याच बघत उभ्या राहिल्या, कारण आपला नवरा एवढा मोठ्याने हसतो हे त्या विसरून गेल्या होत्या.

आठव्या दिवशी मात्र काका हवेत असतानाच त्यांच्या मनात एक विचार आला आणि ते खाली आले ते थेट टेबलाकडेच गेले.

"काय झालं? दुखतंय का कुठे?" काकूंनी विचारलं.

"आपण हे कोणाला विचारून करतोय?"

"डॉक्टरीणबाईंना!"

"त्या वैद्यकीय बाजूने बोलल्या. इमारतीच्या बाजूने कोण बोललंय? आपल्या खाली माणसं राहतात."

"कोणी तक्रार केलीय का?"

"नाही."

"मग?"

"उद्या केली तर? आपल्याकडे कागद नको?"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. काकांनी तोवर कागदाच्या डोक्यावर 'विषय : स्वतःच्या घरात उडी मारण्यास परवानगी मिळणेबाबत' असं लिहून त्याखाली पट्टीने रेघही ओढली होती.

अर्ज इमारतीच्या सचिवांकडे गेला. सचिव म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, आणि ते बरोबर काकांच्या खालीच राहत. आठ दिवस वरून येणारा धप धप आवाज त्यांनी ऐकला होता. वरच्यांनी कपडे धुण्याचं नवीन यंत्र घेतलं असावं असं समजून ते त्या ठेक्यावर संध्याकाळची डुलकी छान काढत होते. पण आता आवाजाला अर्ज फुटला होता. मास्तरांनी तो दोनदा वाचला आणि त्यांना अकरा वर्षांत प्रथमच आपण सचिव असल्यासारखं वाटलं. त्या दिवशी त्यांना झोप लागली नाही आणि त्यांनी तसं अर्जाच्या समासात नमूद केलं.

रविवारी समिती बसली. अध्यक्ष चष्म्यांच्या दुकानाचे मालक होते. त्यांनी नियमावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तीत पाळीव प्राणी होते, भिंती पाडणं होतं, गच्चीवर गाद्या वाळत घालणं होतं. उडी नव्हती.

"नियमात नाही म्हणजे चालतं," काकांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. त्यांना घरी जायची घाई होती.

"नियमात नाही म्हणजे चालत नाही," मास्तर म्हणाले. "शिवाय प्रश्न साधा नाही. सदस्य हवेत असताना त्याला कोणत्या मजल्यावर धरायचं?"

यावर अध्यक्षांनी नियमावली पुन्हा पहिल्या पानापासून उघडली. कोपऱ्यात बसलेल्या काकांना मास्तरांचा मुद्दा फारच आवडला. आपल्याला तो कसा सुचला नाही, याची त्यांना हळहळ वाटली.

शेवटी ठरलं ते असं. अर्जदाराने खालच्या, वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरांची ना-हरकत पत्रं आणावीत. उडीची कमाल उंची वीतभर की हातभर, हे समिती प्रत्यक्ष पाहणी करून ठरवेल. आणि अंतिम निर्णय होईपर्यंत अर्जदाराने सदर कृती स्थगित ठेवावी. स्थगितीचं पत्र काकांनी दोन्ही हातांनी घेतलं. मसुदा निर्दोष होता. घरी आल्यावर त्यांनी ट्रॅम्पोलिनवर एक जुनी चादर घातली आणि समोरच्या खुर्चीत बसून फाईल लावायला घेतली.

पाहणीच्या दिवशी नवीनच पेच उभा राहिला. काकांनी उडी मारून दाखवावी, तर स्थगितीचा भंग होतो. न मारावी, तर पाहणी होत नाही. तेव्हा अर्जदाराच्या वतीने समितीनेच उडी मारावी असा तोडगा निघाला आणि त्याला प्रातिनिधिक उडी असं नाव देण्यात आलं. मास्तरांनी धोतर खोचलं, दांडा धरला आणि समितीच्या वतीने वर गेले.

खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"निष्कर्ष काढायला एक उडी पुरेशी नाही," ते म्हणाले आणि पुन्हा गेले.

मग अध्यक्षांनी स्वतंत्र मत बनवण्यासाठी उडी मारली. शिवणकामवाल्या बाईंनी अध्यक्षांच्या मताची खातरजमा करण्यासाठी मारली. तासाभराने असं निष्पन्न झालं की वस्तूची चाचणी तटस्थ ठिकाणी व्हायला हवी, आणि ट्रॅम्पोलिन तळमजल्यावरच्या समितीच्या खोलीत हलवण्यात आली. रीतसर पोच मिळाली, हे काकांनी काकूंना मुद्दाम दाखवलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी सहा ते सात चाचणी होऊ लागली. तळमजल्यावरून धप धप आवाज यायचा आणि मधूनमधून हसणं. महिन्याभरात मास्तरांची साखर उतरली. अध्यक्षांनी पट्ट्याला दोन नवीन भोकं पाडून घेतली. शिवणकामवाल्या बाईंची पाठ यंत्रावर बसून बसून आखडली होती, ती मोकळी झाली. प्रत्येक चाचणीचा अहवाल काकांकडे यायचा आणि काका तो खुर्चीत बसून फाईलला टाचायचे. फाईल आता उशीएवढी जाड झाली होती. वजन काकांचंही वाढलं होतं, पण ते कोणी नोंदवत नव्हतं.

"फाईल छान चालली आहे," एकदा काका समाधानाने म्हणाले.

"फाईल चालतेय, तुम्ही चाला!" काकू कडाडल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दोन महिने झाले हो. काल तुम्ही बेसिनपर्यंत गेलात आणि दम घेत उभे राहिलात. मला भीती वाटते. मला तुम्ही हवे आहात, तुमचा कागद नको. खाली जा, त्या मास्तरांना बाजूला सारा आणि उड्या मारा."

 काका उठले, दारापर्यंत गेलेही. पण दाराच्या मागे स्थगितीचं पत्र लावलेलं होतं, आणि ते त्यांनीच चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून लावलं होतं. ते परत येऊन बसले.

दरम्यान समितीच्या लक्षात आलं की निर्णय दिला तर ट्रॅम्पोलिन परत द्यावी लागेल. म्हणून समितीने निर्णय न देता, आपल्या अधिकारकक्षेबाहेरचा विषय म्हणून तो शहराच्या मुख्य कार्यालयाकडे मार्गदर्शनासाठी पाठवला. चाचणी अर्थातच चालू ठेवली.

सोमवारी सकाळी तो लिफाफा काकांच्या टेबलावर आला. काकांनी तो फोडला, आपलंच नाव वाचलं आणि शिक्का उचलला. आवक क्रमांक टाकला. त्यांच्या उजव्या हाताला चारशे बारा कागदांची चळत होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि स्वतःचा अर्ज सगळ्यात खाली सरकवला.

विभागाच्या मोठ्या बाई तिथूनच जात होत्या. त्या थांबल्या. "अहो, हा तुमच्या तब्येतीचा कागद ना? वर काढा की. मी आत्ता सही करते."

"बाई, याच्या आधी चारशे बारा लोक आहेत."

"त्यातला एक तर मेलेल्या कुत्र्याची विल्हेवाट लावण्याबद्दलचा आहे. गेल्या वर्षीचा."

"त्याचा नंबर आधी आहे," काका म्हणाले. बत्तीस वर्षांत कोणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं, आणि आता स्वतःसाठी रांग मोडायची या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला. घाम छातीमुळे आला होता की तत्त्वामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. मोठ्या बाईंनी सहीसाठी काढलेलं पेन बंद केलं आणि त्या निघून गेल्या.

अर्ज वर यायला पाच आठवडे लागले. उत्तरावर जावक क्रमांक काकांनीच टाकला आणि पोच म्हणून सहीही त्यांनीच केली. उत्तर असं होतं :

'सदस्याने स्वतःच्या घरात उडी मारण्यास कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही. सबब अशी परवानगी देण्याचा अधिकार या कार्यालयास नाही. सबब आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.'

काकांनी ते तीन वेळा वाचलं. भाषेत कुठे फट नव्हती. तिसऱ्या वाचनानंतर त्यांनी छातीवर हात ठेवला आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला. बत्तीस वर्षांतला पहिला. तो पुरा होईपर्यंत ते खुर्चीतच कलंडले होते, पण तारीख घातलेली होती.

स्प्रिंग बसली. छातीत. इस्पितळात समिती भेटायला आली. तिघेही चार मजले जिन्याने चढून आले होते आणि एकालाही धाप लागली नव्हती.

"तुमचे फार उपकार आहेत हो," मास्तर सद्गदित होऊन म्हणाले. "तुम्ही अर्ज केला नसता तर आम्ही अजून खुर्च्यांवरच बसलेलो असतो."

 काकू तिथून सरळ इमारतीत गेल्या, समितीच्या खोलीत शिरल्या आणि ट्रॅम्पोलिन डोक्यावर घेऊन तीन मजले चढल्या. कोणीही त्यांच्याकडे कागद मागितला नाही. तशी कोणाची छातीच झाली नाही.

दीड महिन्याने डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता हलके हलके सुरू करा. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी चादर ओढून काढली. काका चढले. दांडा धरला. आणि तसेच उभे राहिले.

"काय झालं आता?"

"नाही, म्हणजे..." काका चाचरले. "तू म्हणतेस, ते ठीकच आहे. पण अर्ज नामंजूर झालेला आहे. लेखी काहीतरी असतं तर..."

 काकूंनी फाईलमधून तेच नामंजुरीचं पत्र काढलं, उलटं केलं आणि पाठीमागे लिहिलं : 'यांनी रोज वीस मिनिटं उड्या माराव्यात. हुकमावरून, बायको.'

"कोणत्या नियमान्वये?" काकांनी हळूच विचारलं.

"तेहतीस वर्षांच्या संसाराच्या."

काकांनी खिशातून पेन काढलं, वरच्या कोपऱ्यात आवक क्रमांक एक असं लिहिलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी उडी मारली. शीळ मात्र घातली नाही, कारण हुकमात शिळेचा उल्लेख नव्हता.

ही हकीकत इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या बाई काकूंकडे येऊन घुटमळल्या. त्यांना घरात गाणं म्हणायचं होतं, एखादा कागद मिळेल का? मग एक जण आला, त्याला रविवारी काहीही न करता नुसतं बसून राहायचं होतं. काकू आता सकाळी अकरा ते एक सही करतात.

तुम्हाला या लोकांचं हसू येत असेल, तर मोकळेपणाने हसा. फक्त मघाशी हसण्याआधी तुम्ही मान वळवून खोलीत कोण आहे ते पाहून घेतलंत, त्याची इथे नोंद झाली आहे. आवक क्रमांक मागाहून कळवण्यात येईल.