ईश्वरैक्य, खंड पाचवा

एखाद्या विषयावर माणूस किती पानं लिहील, हे त्या विषयाशी त्याची गाठ पडली आहे की नाही यावर अवलंबून असतं. गाठ पडलेली नसेल तर लेखन सविस्तर होतं.

ख्रिस्ती गूढवादावर लिहिणाऱ्या आमच्या बाई याचं आदर्श उदाहरण होत्या. प्रार्थनेत बुडून देवाशी एकरूप झालेल्या जुन्या संत स्त्रियांवर त्यांनी चार जाडजूड खंड लिहिले. विद्वानांनी ते डोक्यावर घेतले (त्याला दोन विद्वान लागत). बाईंना स्वतःला तसला अनुभव कधी आला नव्हता, त्यामुळे कामात व्यत्यय नव्हता.

बाई धाकट्या बहिणीकडे राहत. बहीण घरीच कपडे शिवायची. एका खोलीत शिलाई मशीन, दुसरीत संत. बाई जेवायला यायच्या, पण मन मागच्या कुठल्या तरी शतकात. बहीण आपली ताटलीशी बोलायची.

एका दुपारी बहिणीने लांबलचक पडदा शिवायला घेतला आणि टोक धरायला बाईंना हाक मारली. बाई टोक धरून उभ्या राहिल्या. शिलाई संपली तरी उभ्याच.

"ताई, सोड आता."

बाईंनी सोडलं नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, चेहरा मात्र हसरा.

"काय झालं गं?"

"तो आला होता."

"कोण, मीटरवाला?"

"नाही."

बहिणीने ताईच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मशीनवरचा पाय काढला. मग पडद्याचं दुसरं टोक धरून ती ताईच्या शेजारी उभी राहिली.

मग बाईंनी प्रकाशन मंडळाला कळवलं की पाचवा आणि शेवटचा खंड तयार आहे. तो एका वाक्याचा आहे. मंडळाची तातडीची सभा भरली.

"एका वाक्याला पुठ्ठ्याची बांधणी कशी घालायची?" चिटणीस म्हणाले.

"पण खरं तेवढंच आहे," बाई म्हणाल्या.

"खरं असेल हो. संदर्भ काय देणार?"

"मी तिथे होते."

असा संदर्भ ग्राह्य धरण्याची मंडळात पद्धत नाही. सभेला आलेले फादर मायेने म्हणाले, "बाई, होतं असं कधीकधी. विश्रांती घ्या, जाईल."

'लेखिकेस विषयाची बाधा झाल्याने' त्यांना कार्यमुक्त करण्याचा ठराव एकमताने झाला. काम एका प्राध्यापकांकडे गेलं. आपल्याला असं काही होणार नाही, अशी त्यांनी लेखी हमी दिली, मागोमाग सातशे पानं दिली, आणि मोठ्या मनाने बाईंचं वाक्य एका तळटीपेत घातलं.

बाईंना वाईट वाटलं, पण फार दिवस नाही. त्या आता बहिणीच्या गिऱ्हाइकांची बटणं लावतात. जेवताना विचारतात, "तुझी पाठ अजून दुखते का गं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा बहिणीला ठसका लागला. मग तिने पाठीबद्दल सगळं सांगितलं, अगदी सुरुवातीपासून.

पाचवा खंड गाजला. समीक्षकांनी कागदाची, छपाईची आणि विशेषतः सूचीची स्तुती केली. ते वाक्य काय होतं, हे कुणी विचारलं नाही. तुम्ही विचाराल असं मला मघापासून वाटत होतं. पण तुम्हाला विचारायची गरजच काय? पाचही खंड तुमच्या घरी आहेतच, दर्शनी खोलीत, काचेच्या कपाटात, पाहुण्यांना नावं वाचता येतील असे लावलेले. कपाटाची किल्ली सापडली की बघा.